मनीचं पोट

३ मार्च, सोमवार

शी! माझ्या साड्यांच्या कपाटात मांजर! खालच्या खणात, लग्नातल्या पैठणीवर पाय पसरून. अंगाला गटाराचा वास. झाडू उचलला तर सासूबाई मध्ये आडव्या आल्या. "हात लावू नगंस! गाभण हाय ती."

पार्किंगमधली मांजर. सासूबाईंनी पदराखाली झाकून लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर आणली. नाव मनी. दुसरं नाव सुचतंय कुणाला?

४ मार्च

कशासाठी आणली ते कळलं. मांजर घरात व्याली की त्या घरात पाळणा हलतो म्हणे. शेजारच्या अरुंधतीकाकूंनी दिलेलं ज्ञान. सात वर्षं झाली लग्नाला. दोन डॉक्टर झाले, सोळा सोमवार झाले, आता मांजर!

प्रज्वलला सांगितलं. "आईला तेवढंच बरं वाटतंय, राहू दे ना." या माणसाचं सगळंच राहू दे.

६ मार्च, गुरुवार

कंपनीला सुट्टी. म्हणजे दिवसभर मांजर. उशीवर केस, डाळीत केस.

हिच्यापासून सुटका कधी, ते तरी कळावं म्हणून मोबाईलवर शोधलं — मांजर गाभण आहे हे कसं ओळखायचं? तिसऱ्या आठवड्यात आचळं गुलाबी होतात, फुगतात. पाचव्यापासून पोट दिसतं. भूक वाढते. नवव्या आठवड्यात पिल्लं. हिचं पोट तर आत्ताच एवढं आहे, म्हणजे थोडेच दिवस. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमचं पहिलं घर लवकर उरकू दे एकदाचं.

८ मार्च, शनिवार

कंपनीत महिला दिन. गेटवर प्रत्येकीला एक गुलाब आणि एक फोटो. एचआरच्या मॅडम कानाशी येऊन — "मग? गुड न्यूज कधी?" नजर थेट पोटावर.

घरी आले तर अरुंधतीकाकू आमच्या कपाटासमोर मांडी घालून बसलेल्या. आधी मनीच्या पोटाकडे बघितलं, मग माझ्या. "बघ गं रुपाली, मुक्या जनावरालासुद्धा जमतं." मी हसले. हसले! किळस येते मला या बायकांची. मांजरीपेक्षा जास्त.

१० मार्च

चाकणला कंपनीत मी दिवसभर काय करते? पार्ट हातात घ्यायचा, ड्रॉइंगशी ताडून बघायचा, जुळला तर पुढे, नाही जुळला तर लाल डब्यात. बारा वर्षं हेच. आज संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्यावर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि मनीला उताणं केलं.

आचळं बारीक, फिकी. एकही गुलाबी नाही. पोट मात्र टम्म. दूध वाटीत तसंच, साय धरलेलं. पाण्याचं भांडं दिवसात तीनदा रिकामं. आणि शेपटीखाली ओलं, पिवळट, चिकट. काय तो वास! तीनदा साबणाने हात धुतले तरी घास उतरला नाही.

पोट सोडलं तर एकही गोष्ट जुळत नाही.

११ मार्च

सासूबाईंना सांगितलं. "आई, मनी गाभण नाही वाटत मला. आजारी आहे ती. डॉक्टरला दाखवू या."

लाटणं खाली ठेवलं त्यांनी. "कामून गं? मुक्या जिवाचं पोट बी तुज्या डोळ्यात खुपायलं का?"

प्रज्वल तिथेच बसला होता. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

खरं लिहायचं तर खुपत होतंच. पहिल्या दिवसापासून. त्यामुळे माझा माझ्यावरच विश्वास बसेना. मला दिसतंय ते खरं आहे, की ती गाभण नसावी असं मला वाटतंय? इतक्या खालच्या थराला गेले मी, मांजरीचा हेवा करायच्या!

१३ मार्च, गुरुवार. होळी

तूप घातलेली पुरणपोळी मांजरीपुढे! तिने वासही घेतला नाही. "डोहाळे हायेत, ग्वाड नको वाटत आसंल." मग सुकट भाजली. सणाच्या दिवशी घरभर सुकटीचा वास! तीही नको. दुपारी हिरवं पाणी ओकली, पैठणीवरच. पुसलं कुणी? मीच. शी, शी, शी!

प्रज्वलसमोरच डॉक्टरचं नाव पुन्हा काढलं. "गाभणीला लई हाताळलं की ती पिल्लं खाती, कळतं का तुला काही?"

कुठली पिल्लं!

१५ मार्च, शनिवार

हाफ डे टाकला. सासूबाई भजनाला गेलेल्या. मनीला पैठणीसकट उचललं, कांद्याच्या क्रेटमध्ये ठेवलं, वरून ओढणी बांधली आणि रिक्षा केली. तिने एक नख मारलं नाही. तेव्हा मी घाबरले.

डॉक्टरने पोटावर जेल लावून सोनोग्राफी केली. असला पडदा मी किती वेळा बघितलाय. 'काही दिसत नाही' हे ऐकायला तयारच होते.

"पिल्लं नाहीत ताई. गर्भपिशवी पुवाने भरलीय. आज काढली तर वाचेल. उद्याची खात्री नाही देत." मग म्हणाला, "पुन्हा कधी पिल्लं होणार नाहीत. घरी विचारायचंय का?"

विचारलं असतं तर ती परत कपाटात गेली असती. सही केली. मालकाच्या रकान्यात माझं नाव.

नंतर त्याने ट्रेमध्ये ती पिशवी दाखवली. बाहेर येऊन भडाभडा ओकले मी.

घरी सांगितलं. सासूबाई खोलीत गेल्या, कडी लावली. प्रज्वल म्हणाला, "आईला विचारायचं तरी होतंस." सात वर्षांत पहिल्यांदा ओरडले त्याच्यावर. "तुझ्यासमोर दोनदा सांगितलं! तू टीव्ही बघत होतास!"

१७ मार्च

मनी घरी आली. पोटावर टाके, गळ्यात प्लास्टिकचा पट्टा, औषधाचा उग्र दर्प. सासूबाईंचा अबोला चालूच.

अरुंधतीकाकू दारात. "पिशवीच काढली? अगंबाई! मग आता काय उपयोग तिचा?" सासूबाई उठल्या आणि काकूंच्या तोंडावर दार लावून घेतलं. धाडकन!

१८ मार्च

चिमूटभर सुकट खाल्ली तिने. घर पुन्हा घाण वासाने भरलंय. भरू दे.

१९ मार्च, बुधवार

सासूबाई टाके पुसत होत्या, मी मनीचे पाय धरले होते. मान वर न करता म्हणाल्या, "माजी बी काढली. बाविसाव्या वर्षी. उसाच्या तोडीवर व्हते, पोटात दुखायचं. डाक्टर म्हनला, पिशवी खराब झाली. मला कुनी पडद्यावर दाखवलं न्हाई. खरंच खराब व्हती का, ते बी ठाव न्हाई."

कापूस बदलला. "प्रज्वल जावंचा. बाळंतपणात गेली ती. आठ दिवसाचं लेकरू माज्या वटीत घातलं. त्याला ठाव न्हाई. नीट धर, हलायली ती."

पुसून झालं तरी मी पाय सोडले नाहीत. त्यांनीही सोडायला सांगितलं नाही.