दोनशे गोळ्या, न अडकता

३ मार्च, सोमवार

मिळालं एकदाचं. साडेपाच महिने खेटे घातल्यावर शेरीफच्या कचेरीनं आज वेंडेलचं पिस्तूल माझ्या हातात दिलं. खाकी कागदी पिशवी, वर नंबर. सोबत आणखी एक पिशवी — "त्या दिवशी टेबलावर होतं ते सामान." ती मी उघडली नाही. खिडकीतली बाई म्हणाली, "इथं सही. इथंही. जप गं, नेडीन." जपते तर.

लहानसं आहे, माझ्या पंज्यात मावतं. वेंडेलनंही ते जुनंच घेतलं होतं, पण ठेवायचा नव्यासारखं. आता स्लाइडवर, वरच्या सरकत्या भागावर, गंजाचे ठिपके आहेत. ते कशाचे ते मला माहीत आहे, माझ्या सख्ख्या भावाचं रक्त आहे ते. कुणी साधं पुसलंही नाही.

हे मी नीट करणार. चालतं करणार. आणि याच पिस्तुलानं रॉइस टॅकेटला मारणार.

लिहून टाकलं. बरं वाटलं.

४ मार्च

पिस्तूल उशाशी ठेवलं आणि शांत झोप लागली. मला वाटलं होतं, लागणार नाही.

७ मार्च, शुक्रवार

सकाळची शाळेची फेरी संपवून बस उभी केली आणि थेट ओपलबाईंकडे गेले. नवऱ्यामागे बंदूकदुरुस्तीचं काम त्याच गॅरेजमध्ये चालवतात. वय सत्तर, तोंडात सिगारेट, डोळ्यावर भिंग. त्यांनी पिस्तूल उलगडून फडक्यावर मांडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे वेंडेलचं."

"हो."

"विकून का टाकत नाहीस?"

"वापरायचंय."

ओपलबाई कामाला लागल्या. गंज तेलानं आणि बारीक तारेच्या काथ्यानं घासून काढला. स्लाइडची स्प्रिंग दमलेली निघाली, गोळ्या भरायच्या मॅगझिनचीही. नव्या मागवल्या. मग मला नियम सांगितला, इथं सगळेच पाळतात तो. जुनं पिस्तूल नव्या हातात आलं की त्यातून दोनशे गोळ्या झाडायच्या, एकही न अडकता. एक जरी अडकली तरी पुन्हा पहिल्यापासून. "तोवर त्याच्या भरवशावर राहायचं नाही, पोरी. तोवर ते तुझं नाही."

ठीक. दोनशे तर दोनशे. रॉइसच्या समोर उभी असताना अडकलेलं मला चालणार नाही.

९ मार्च, रविवार

आई चर्चला गेली आहे. घरात मी एकटी. हाच दिवस होता, रविवार. हीच वेळ आणि हेच टेबल.

१५ सप्टेंबर. आई चर्चमध्ये, मी तेव्हा शहरात राहायचे, तिथल्या खोलीवर. रॉइस वेंडेलला मासे धरायला न्यायला आला आणि म्हणे, त्याला तो या टेबलाशी मेलेला दिसला. समोर नळी साफ करायची सळई, ब्रश, तेलाची बाटली, फडकं. पिस्तूल साफ करताना गोळी सुटली! अख्ख्या गावानं मान डोलावली. पाद्री काय सुंदर बोलले, अपघात म्हणजे देवाचं बोलावणं.

वेंडेलच्या हातून? मी नऊ वर्षांची असताना त्यानं मला शिकवलं होतं — मॅगझिन काढ, स्लाइड मागे ओढ, बघ, करंगळी घालून चाचप, आणि हे सगळं तीनदा. मी दोनदा केलं तर टपली मारायचा. तो माणूस भरलेलं पिस्तूल पुसायला घेईल?

आदल्या शनिवारी त्याचा फोन आला होता. "नेडी, मोकळी आहेस का जरा?" मी म्हटलं, कपडे धुवायला आलेय, उद्या बोलू. रॉइसबद्दलच सांगायचं असणार. भागीतल्या लाकडाच्या गिरणीवरून दोघांचं उन्हाळाभर वाजत होतं. आता गिरणी एकट्या रॉइसची आहे. कळायला आणखी काय लागतं?

१५ मार्च, शनिवार

खडीच्या खाणीत गेले. ओपलबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. एकविसावी अडकली. पुन्हा एकपासून. नववी अडकली.

त्यांनी पिस्तूल हातात घेतलं तर बोटं तेलानं बरबटली. "यात कोंबडी तळायची होती का तुला?" गंजाच्या धास्तीनं मी रोज तेल घालत होते. सगळं पुसून काढायला लावलं. स्लाइड सरकते त्या रुळांवर एकेक थेंब, बास.

घरी आले तर रॉइस आमच्या दारात. आईच्या चाकाच्या खुर्चीसाठी बनवलेल्या उतरणीच्या फळ्या थंडीत उचकटल्या होत्या, त्या ठोकत होता. "झालंच, नेडी," म्हणाला. आईनं त्याला घेवडा आणि मक्याचा पाव वाढला. त्याच टेबलावर! आणि हा खाली मान घालून जेवतो. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी उठून गोठ्यामागे जाऊन उभी राहिले.

२२ मार्च

चौसष्ट. मग अडकली. शून्य.

या वेळी चूक माझी. मनगट ढिलं पडतं. धरणारा हात घट्ट नसेल तर एवढ्याशा पिस्तुलाची स्लाइड पुरती मागे जातच नाही. ओपलबाई म्हणाल्या, "त्याला टेकायला काहीतरी दे. तूच डगमगलीस तर ते काय करेल?"

मी डगमगत नाही.

२६ मार्च

टेबलावर पिस्तूल उलगडलेलं पाहून आई एवढंच म्हणाली, "खाली वर्तमानपत्र घाल. तुझा बाप घालायचा." मग खुर्ची वळवून खिडकीकडे गेली. मी का करतेय हे तिनं विचारलं नाही. तिच्यासाठीच सगळ्यात वाईट वाटतं. वेंडेल स्वर्गात आहे म्हणून ती तग धरून आहे. खून झालाय हे कळलं तर निदान रडायला खरं कारण तरी मिळेल तिला.

२ एप्रिल, बुधवार

सापडलं!

माझा ब्रश झिजला, म्हणून दुपारी कचेरीची ती दुसरी पिशवी उघडली. तेलाची बाटली, फडकं, सळई. सळईला लावलेला ब्रश पिस्तुलाच्या नळीत घालायला गेले तर तोंडातच बसेना. अंगठ्याएवढा जाड. बाराबोरच्या बंदुकीचा ब्रश आहे तो! नऊ मिलिमीटरची नळी त्यानं कोण साफ करतं? आंधळाही करणार नाही.

आणि सळईच्या मुठीला निळी चिकटपट्टी. रॉइसच्या प्रत्येक हत्याराला ती असते. करवत, पाना, हातोडी, सगळ्याला. गिरणीत हत्यारं सरमिसळ होऊ नयेत म्हणून.

म्हणजे वेंडेल काही साफ करतच नव्हता. मारलं आणि मग यानं स्वतःच्या ट्रकातलं सामान आणून मांडलं. घाईत ब्रश चुकला. साळसूद डुक्कर!

३ एप्रिल

शेरीफचा डेप्युटी हॉबर्ट शाळेत माझ्या वर्गात होता. ब्रश त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो फिरवून फिरवून बघितला आणि परत माझ्या हातात दिला. "नेडीन, केस बंद झाली. जे जसं ठेवलंय तसं राहू दे."

"हा ब्रश त्या नळीत जात नाही, हॉबर्ट."

"मला दिसतंय." आणि टोपी घालून बाहेर गेला.

सगळे एका माळेचे मणी. बरं झालं, आता कुणाकडे जायचं राहिलं नाही.

१२ एप्रिल

एकशे एकतीस. गोळी नव्हे, मॅगझिन दगा देत होतं. कडा किंचित वाकली होती. ओपलबाईंनी सरळ करून दिली. पुन्हा शून्य. मला राग आला नाही. घाई नाही मला. तो कुठे जातोय?

संध्याकाळी चर्चमध्ये रानकांद्याचं जेवण होतं. रॉइस समोरच्या बाकावर. फार वाळलाय. त्याच्याशी हसून बोलले. बटाटे पुढे सरकवले. मला हे इतकं जमेल असं वाटलं नव्हतं.

१९ एप्रिल

अठ्ठ्याऐंशी. पाऊस लागला म्हणून थांबलो. न अडकता थांबलो, म्हणजे पुढे मोजायचं.

१० मे, शनिवार

दोनशे. एकही अडकली नाही.

शेवटचं मॅगझिन झाडताना पिस्तूल हातात आहे हेच विसरले होते. ओपलबाईंनी पेपरमिंटची गोळी दिली. "आता तुझं." मग सिगारेट विझवत म्हणाल्या, "कुणासाठी आहे ते नाही विचारत. पण घरी जाऊन आधी साफ कर. राग आला म्हणून घाण ठेवायचं नाही." मी मान हलवली.

स्मृतीच्या रविवारी सगळं गाव कबरींवर फुलं घालतं. त्याच्या आदल्या दिवशी गिरणी बंद असते आणि रॉइस एकटाच करवतीला धार लावत बसतो. ठरलं.

२३ मे

शाळेच्या बसच्या किल्ल्या हुकाला लावल्या. आईची औषधं पंधरा दिवसांची भरून ठेवली. पिस्तूल साफ केलं. रुळांवर एकेक थेंब.

२४ मे, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

दहा वाजता गिरणीत गेले. तो एकटाच होता. उजवा हात कोटाच्या खिशात, पिस्तुलावर. डाव्या हातानं ब्रश त्याच्या बाकावर ठेवला. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, त्याशिवाय नाही.

त्यानं ब्रशकडे बघितलं. कानस खाली ठेवली.

"बाराबोरचा," म्हणाला. "हॉबर्टनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं, चुकीचा ब्रश ठेवलास म्हणून. पण तोवर तुझी आई दारात आली होती."

मी म्हटलं, "तू मारलंस त्याला."

"नाही गं, नेडी." आणि खाली बसला, भुश्शातच. "त्यानं स्वतःच. मी आलो तेव्हा सगळं झालेलं होतं. टेबलावर काहीही नव्हतं. चर्च सुटायला चाळीस मिनिटं होती. तुझ्या आईची समजूत तुला ठाऊक आहे — जो आपल्या हातानं जातो त्याला देव घेत नाही. तिला तसं कसं दिसू द्यायचं? ट्रकात जे सापडलं ते मांडलं. घाई झाली होती. ब्रश कोण बघतो?"

मी विचारलं, गिरणीचं भांडण?

"तो कामावर येईना म्हणून भांडत होतो. दिवसदिवस झोपून असायचा. मला वाटलं, आळस करतोय." मग मुठीत भुसा घेऊन सोडला. "शनिवारी त्यानं फोन केला होता. मोकळा आहेस का म्हणाला. मी म्हटलं, उद्या मासे धरायला जाऊ, तेव्हा बोल काय ते. आठला येतो म्हणालो होतो. झोपून राहिलो. साडेनऊला पोचलो."

तेच शब्द. मोकळी आहेस का जरा. कपडे धुवायला आलेय, उद्या बोलू.

पिस्तूल खिशातून काढलं. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, बघितलं, करंगळी घालून चाचपलं. तीनदा. बाकावर ब्रशशेजारी ठेवलं. रॉइस बघत होता.

"माझ्यासाठी आणलं होतंस?"

"हो."

"दोनशे झाल्या?"

"झाल्या."

मान हलवली त्यानं. मग दोघंही रडलो, मोठ्यानं, लहान पोरांसारखे. आठ महिने मी याला मारायच्या विचारावर जगले. आता कशावर जगू, माहीत नाही. पिस्तूल मी त्याच्याकडेच ठेवलं, त्यानं ते ओपलबाईंना नेऊन द्यायचंय. आईला काही कळू द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं.

२५ मे, रविवार

वेंडेलच्या कबरीवर फुलं घालून आलो. रॉइसनं आईची खुर्ची टेकडीवर ढकलत नेली. तो ट्रक आणायला खाली गेला तेव्हा आई म्हणाली, "त्या पिशवीतल्या ब्रशचं काय केलंस?" मी म्हटलं, रॉइसला परत दिला. "बरं केलंस. चाळीस वर्षं तुझ्या बापाचे ब्रश धुतलेत मी, नेडी. तो पिस्तुलाचा नाही हे त्या दिवशी दारातूनच दिसलं मला." मग ट्रकचा आवाज आल्यावर घाईनं म्हणाली, "त्याला सांगू नकोस. त्यानं माझ्यासाठी मांडलं होतं."