जड डबे, जुने रूळ

११ एप्रिल १९६१, दौंड
मुंबईहून साहेब आले होते. आमच्या ब्रँच लाइनवर नवे मोठे मालडबे चालवायचे म्हणतात. एका डब्यात जवळजवळ दुप्पट माल. गाड्या कमी, खर्च कमी. मी विचारलं, रुळांचं काय? "बचत आमच्या खात्यात, रूळ तुमच्या." सगळे हसले. मीही. का हसलो? ते रूळ एवढं वजन पेलतील की नाही, हे लिहून देणं माझंच काम.

१४ एप्रिल
ट्रॉलीवरून सगळी लाइन पाहिली. रूळ हलके, त्यांखालचे बरेच लाकडी स्लीपर कुजलेले, सांधे आताच दबताहेत. सगळं बदलायचं तर काही वर्षं. मागणी केली तर उत्तर ठरलेलं: पुढच्या योजनेत पाहू. मोठ्या डब्यांवरचं मत तूर्त रोखून ठेवलंय.

१६ एप्रिल
सुशीलेचे भाऊ दादा तळेगाव ढमढेऱ्याहून कांदा घेऊन आले. शिरूरला भाव पडलाय. इथं आठवडाभर डबा नाही, पोती उन्हात.
"दाजी, आता कांदा मोड काढून सवताच चालत जाईल मुंबईला." मग हळूच, "मोठं डबं तुमीच अडवलंत म्हनं?"
रुळांसाठी अडवतोय, की मेहुण्याची सोय केली असं कुणी म्हणू नये म्हणून? खात्री नाही.

१९ एप्रिल
मत दिलं: मोठे डबे चालवा, पण निम्म्या वेगानं. साहेबांचं आणि रुळांचं, दोघांचंही राखलं असं वाटलं.

२७ एप्रिल
मोठ्या डब्यांची गाडी इतकी हळू जाते, की एकेरी लाइन अडून राहते. समोरच्या गाड्या स्टेशनात उभ्या. स्टेशनमास्तर म्हणाले, "माल पूर्वीइतकाच जातोय." मत देण्याआधी एवढाही हिशेब मला सुचू नये? दादांची निम्मी पोती अजून इथंच.

३० एप्रिल
साहेबांचा फोन. वेगाची अट काढा, नाहीतर डबे दुसरीकडे नेतो. रुळांना पैसे नाहीत.
जेवताना दादांना सांगितलं.
"अट काढली तर काय व्हईल?"
"सांधा तुटू शकतो. तुटेलच असं नाही."
"न्हाई काढली तर कांदा सडंल. त्ये मातुर नक्की."
सुशीला भाकरी वाढत होती. म्हणाली, "दादा, त्याच रुळांवरनं माणसांची गाडी पण जाते."
दादा खाली बघून जेवत राहिले.

२ मे
साहेबांना आज कळवायचंय. ट्रॉली काढायला सांगितली आहे. सांधे तेच, पुन्हा पाहून नवं काय कळणार? तरी निघतो.