सात लाडू आणि परत फिरलेली जहाजं

बाबा,

आज दुपारी मी काकांकडे, तुमच्या त्या जुन्या दोस्ताकडे, जाणार आहे. एवढं वाचूनच तुम्ही चष्मा काढून टेबलावर आपटला असता. "त्या घराची पायरी चढायची नाही" हा तुमचा हुकूम. आईने तो शेवटपर्यंत पाळला, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी मीही पाळत आले. पण काका आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, आणि मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे जी तुम्हाला सांगायची राहून गेली. तुमच्या बाबतीत उशीर झाला. त्यांच्या बाबतीत होऊ द्यायचा नाही, म्हणून सकाळपासून बेसन भाजतेय आणि मधेमधे उठून हे लिहितेय. बेसन करपलं तर तो दोष तुमचा.

निमित्त तुमच्याच धड्याचं. बारावीच्या मुलींना शीतयुद्ध मीच शिकवते, आणि तुमच्याच पद्धतीने. आधी फळ्यावर दोन खुर्च्या काढायच्या, मध्ये टेबल. मग सांगायचं, हे दोघे एका दुश्मनाशी लढले, खांद्याला खांदा लावून लढले, जिंकले, आणि आता टेबलाशी बसलेत. दुश्मन गेला, तशी दोघांची नजर पहिल्यांदाच नीट एकमेकांवर पडली. एक म्हणतो, बाजार खुला ठेवा, निवडणुका घ्या. दुसरा म्हणतो, माझ्या देशावर पश्चिमेकडून परत परत चाल झाली, माझी कोट्यवधी माणसं मेली, मला शेजारी माझ्या बाजूचेच हवेत. एकाजवळ नवा बॉम्ब आहे, दुसऱ्याजवळ अर्ध्या युरोपात उभी असलेली फौज. दोघांनाही वाटतं की आपण फक्त स्वतःला सांभाळतोय. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! दिवाळीच्या सुट्टीआधी हे सांगत होते, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मैडम जी, पर शुरू किसने किया?"

मी खडू ठेवून दिला. हा प्रश्न मी तुम्हाला विचारला होता, त्याच वयात, तुमच्याच वर्गात. तास संपल्यावर ती मुलगी जवळ आली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मैडम जी, माझे आजोबा बोलतात, तुम्ही त्यांच्या मास्तरची मुलगी आहे." त्यांच्या मास्तरची! बाबा, काकांच्या नातीने सांगितलं हे. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्याच्याशी बोलणं तोडलं, त्याला ते अजून 'माझा मास्तर' म्हणतात. मी स्टाफरूममध्ये जाऊन पाणी प्यायले.

तुमचं आणि काकांचं मेतकूट मला अजून आठवतं. तुम्ही रेल्वेच्या शाळेत इतिहास शिकवणार, ते वर्कशॉपमध्ये फिटर. तुम्हाला चहा साखर कमी, त्यांना जास्त, म्हणून आई एकाच भांड्यातून आधी तुमचा कप भरायची आणि मग साखर टाकायची. या हिंदी मुलखातल्या रेल्वे कॉलनीत तेरा मराठी घरं, आणि सगळ्यांची मिळून ती एक खोली, जिथे गणपती बसायचा. एका ठेकेदाराने तिथे सिमेंटची पोती टाकली आणि खोली आपलीच म्हणायला लागला. मग तुम्ही दोघांनी दोन वर्षं रान उठवलं. अर्ज तुम्ही लिहायचे, साहेबासमोर जाऊन टेबलावर हात आपटायचा तो काकांनी. ज्या दिवशी पोती बाहेर निघाली त्या दिवशी काकांनी तुम्हाला उचलून घेतलं होतं, आणि तुम्ही "अरे, धोतर, धोतर!" ओरडत होतात. आम्ही पोरं हसून लोळलो होतो.

महिना गेला नाही तोच खोलीचं काय करायचं यावरून वाजलं. तुम्हाला वाचनालय हवं होतं, पोरांची मराठी सुटत चालली म्हणून शिकवणीही. काकांना हवी होती नाटकाच्या तालमीची जागा, ढोल, पडदे. तुम्ही म्हणालात, ढोलाने कुणी शहाणं होत नाही. ते म्हणाले, पुस्तकाने कुणी एकत्र येत नाही. मग जमिनीवर खडूने रेघ मारली, अर्धी खोली तुमची, अर्धी त्यांची. किल्ली मात्र एकच. पुढे तर कॉलनीतली घरंही वाटली जायला लागली. ज्याची पोरं तुमच्याकडे शिकायला येत ते तुमचे, ज्यांना नाटकात काम मिळे ते त्यांचे. दूधवाल्यालाही तुम्ही एकदा विचारलंत, तू कुणाकडचा? बिचारा म्हणाला, "मास्साब, हमाये लाने तो दोई घर बरोबर हैं।" म्हणजे त्याला दोन्ही घरं सारखीच. बाबा, खरं सांगते, सगळ्या कॉलनीत तोच एक शहाणा होता.

आता ते सांगते जे सांगायला बसलेय.

त्या दिवाळीत काकूने फराळ पाठवला. त्यांचं नाव घातलेलं स्टीलचं ताट, वर विणलेला रुमाल. किल्लीवरून चार दिवस बोलणं बंद होतं, त्यामुळे ताटावरचा रुमाल तुम्ही दोनदा उचलून बघितलात. चकली मोडलीत, खाल्लीत, आणि आईला म्हणालात, "बेसनाचे लाडू ठेव त्यात. सात ठेव." आई म्हणाली, पाच पुरे. तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडे सात माणसं आहेत." आपल्यात ताट कधी रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे मला दहाव्या वर्षी पाठ होतं. मी रुमाल झाकून निघाले. काकांचं क्वार्टर कॉलनीच्या त्या टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे. टाकीमागे बसून मी एक लाडू खाल्ला. एकच, बाबा, देवाशपथ. सहा नीट मांडून ठेवत होते तेवढ्यात मागून सायकलची घंटी वाजली, मी दचकले, आणि सहाच्या सहा नालीत.

घरी जाऊन सांगायला हवं होतं. आईने दोन धपाटे घातले असते आणि दुसरे सात दिले असते. पण मी फ्रॉकने ताट पुसलं, रुमालाची घडी घातली आणि काकूच्या हातात दिलं. काकूने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आई काही म्हणाली का गं?" मी म्हटलं, "नाही." खरंच नव्हती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खोलीला नवीन कुलूप होतं. तुम्ही अंगणात उभे राहून ओरडलात, "मी लाडू पाठवले, आणि याने कुलूप बदललं!" तिकडे त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आम्ही फराळ पाठवला आणि मास्तरने ताट रिकामं धाडलं. दोघांचंही खरं होतं. मी मोरीत बसून हे ऐकत होते आणि फ्रॉकवरचा तुपाचा डाग घासत होते.

सात वर्षांनी मी तुमच्या वर्गात. तुम्ही ती जहाजांची गोष्ट सांगितलीत. युरोपातली लढाई संपली तशी अमेरिकेने रशियाला पाठवायची मदत एकदम थांबवली, समुद्रात निघालेली जहाजंसुद्धा परत बोलावली. वरचा हुकूम खालच्यांनी जरा जास्तच शब्दशः घेतला होता. नंतर चूक सुधारली, जहाजं पुन्हा निघाली, पण रशियाच्या मनातून ते गेलं नाही. जहाजं मुद्दामच परत फिरवली, असंच त्यांना वाटत राहिलं. मला ते रिकामं ताट आठवलं. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, शुरू किसने किया?" वर्गात तुम्ही मला 'आप' म्हणायचात. "मुजरिम ढूँढना हो तो थाने जाइए," तुम्ही म्हणालात, "यहाँ पूछिए, किसने क्या समझ लिया।" सगळा वर्ग हसला. मी खाली बसले. तेव्हा मला तुमचा फार राग आला, बाबा. इतकं कळतं ना तुम्हाला, मग टाकीपलीकडे जाऊन एकदा विचारत का नाही, की तू काय समजलास?

पण मी तरी कुठे बोलले? तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हा एकदा आईला म्हणालात, "तो थंडीत फार खोकायचा. आता कसा असेल कोण जाणे." मी तिथेच मोसंबी सोलत बसले होते. तेव्हाही बोलले नाही. आणि तुम्हाला नेलं त्या दिवशी काका स्मशानाच्या फाटकापर्यंत आले, बाहेर उभे राहिले आणि परत गेले. मी त्यांना पाहिलं आणि मान फिरवली. यापेक्षा भित्री मुलगी कुणाला असेल?

लाडू झाले. जाते.

आले. संध्याकाळचे सहा वाजलेत.

सीपरी बाज़ारात त्यांच्या मुलाचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, वर घर. काकू जाऊन सहा वर्षं झाली. काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते, कानाला यंत्र, गुडघ्यावर शाल. नातीने ओरडून सांगितलं कोण आलंय ते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बैठ बेटा. बापासारखीच दिसतेस. बोलतेस पण त्याच्यासारखी का? मग मी यंत्र काढून ठेवतो."

मी बसलेच नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. टाकी, सायकल, नाली, फ्रॉक. सांगताना रडले, सत्तावन्न वर्षांची बाई, त्यांच्या नातीसमोर, जिला मी परवा शिस्तीवर भाषण दिलं होतं. काका ऐकत होते. मग खो खो हसायला लागले, इतके की खोकला आला. (खोकतात अजून, बाबा. तुम्हाला हवं होतं ना कळायला.)

"अगं वेडे," ते म्हणाले, "ताट रिकामं होतं म्हणून आम्ही भांडलो? भांडायचंच होतं, तेव्हा रिकामं ताट सापडलं. कुलूप तर मी आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. त्यात सात लाडू असते ना, तर म्हटलं असतं, मास्तराने मोजून पाठवले, कंजूस कुठला."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच वेळी रागही आला. सत्तेचाळीस वर्षं मी उगाच कुढत बसले! पण ते हसता हसता थांबले. "सात म्हणालीस?"

"सात. तुमच्याकडे सात माणसं आहेत, म्हणाले होते बाबा."

काका बोटांवर मोजायला लागले. "आम्ही दोघं, पोरं चार. सहा." मग म्हणाले, "माझी आई त्याच हप्त्यात गावाहून आली होती. मी कुणाला सांगितलंही नव्हतं. मास्तराने म्हातारीला पण धरलं होतं." आणि त्यांनी शाल डोळ्यांना लावली. "हे कळलं असतं तर कुलूप लावलं नसतं मी. आईची शपथ. त्याला जाऊन विचारायला काय झालं होतं मला?"

नात दाराशी उभी होती. तिने हळूच मला विचारलं, "तो मैडम जी, शुरू किसने किया?" मी काही बोलायच्या आधी काकाच म्हणाले, "लिख ले, बेटा. दोनों ने. और ख़तम कोई भी एक कर सकता था." परीक्षेत याला मार्क मिळणार नाहीत, मी तिला सांगितलं. पण वहीत लिहू दिलं.

निघताना माझा डबा त्यांनी ठेवून घेतला. म्हणाले, रिकामा कसा देऊ, आणि भरून द्यायला आता काकू नाही. मग नातीला खाली पिटाळून हलवायाकडून बालूशाही आणवली, आणि फळीवरून एक ताट काढायला लावलं. काकूचं नाव घातलेलं. तेच, बाबा. कडेला थोडं चेपलंय. त्यात सात बालूशाही मांडल्या आणि म्हणाले, "मास्तराला दे." आता आपला डबा त्यांच्याकडे आणि त्यांचं ताट आपल्याकडे. पुढच्या रविवारी मला जायलाच हवं. नात म्हणतेय, मला मराठी वाचायला शिकवा, काका म्हणतात, शिकव, पण ढोलही वाजवू दे. मी दोन्हीला हो म्हटलं. खडूची रेघ मारायची नाही, एवढी अट घातली.

हे पत्र कुठे टाकणार, तुमच्या जुन्या नकाशांच्या पेटीत ठेवून देईन. काकूचं ताट तुमच्या फोटोपुढे ठेवलंय. मोजू नका. रिक्षा पुलावर अडकली होती, भूक लागली होती, त्यातली एक मी खाल्ली. बाकी सहा नीट आणल्यात.