लेडी म्हणजे पीठ मळणारी

मास्तर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेला नाही. इंग्रज आता जाणार असं जो तो बोलतोय, आणि मी त्यांच्याच एका शब्दापाशी अडून बसलोय.

आई गोंदियाला स्टेशनाजवळच्या भट्टीत पावाचं पीठ मळायची. पाव खाल्ला की माणूस बाटतो असं लोक म्हणत, म्हणून तुमचा पाव मी दर शनिवारी फडक्यात गुंडाळून मागच्या दारानं आणायचो. तुम्ही कडी लावून तो चहात बुडवून खायचात. आणि त्याच तुम्ही वर्गात 'लेडी' शब्दाचं वाक्य मागितलंत. मी उभा राहून म्हणालो, माय मदर इज अ लेडी. तुम्ही शांतपणे चष्मा पुसलात.

"कणीक तुडवणारी बाई कधीपासून लेडी झाली रे, लाटसाहेब?"

पोरं पोट धरून हसली. मग 'माझी आई लेडी नाही' हे इंग्रजीत पाटी भरून लिहायला लावलंत, वर घरी दाखव म्हणालात.

त्या संध्याकाळी मी ओसरीवर पाटी भरत बसलोय. आई नखांतलं पीठ काढत येते आणि विचारते, "का लिहून राहिला बा?" तिला अक्षरओळख नाही. मी म्हणतो, तुझ्याबद्दल चांगलं लिहिलंय. ती हरखते. अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून हात पदराला कोरडे करते आणि पाटी शेजारणीला दाखवायला नेते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढे आमगावला मीही मास्तरकी धरली. तिथं एका जाड इंग्रजी कोशात कळलं, लेडी हा मुळात जोडशब्द. जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ' म्हणजे पाव, 'डिग' म्हणजे मळणारी; झिजत झिजत त्याची लेडी झाली. त्या 'डिग'चं नातं थेट आपल्या 'दिह्' धातूशी, लिंपणं, थापणं. आपला देह त्यातलाच. लॉर्डही तसाच, पाव राखणारा; आपण त्याचाच 'लाट' केला. म्हणजे तुमचा लाटसाहेब माझ्या आईच्या भट्टीचा राखणदार. तुम्हाला इंग्रजी येत होतं, संस्कृत येत होतं, पाव तर पोटातच होता. काय कामाचं ते सगळं?

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर खरं लिहितो. कोश हाती आला तेव्हा आई जिवंत होती, त्यानंतरही चार वर्षं होती. तिला मी हा अर्थ सांगितला नाही. सांगितला असता तर पाटीवर काय लिहिलं होतं तेही सांगावं लागलं असतं.