रुमालातला प्रसाद

नवीन पनवेल,
१३ जानेवारी १९९२

प्रिय आभा,

अक्षर ओळखलंस ना? पत्र फाडण्याआधी एवढं वाच, की तुझी आई काल चर्चमध्ये गेली होती. बाबांना सांगितलं, भाजी आणायला जाते. सव्वा वर्ष झालं, तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. तिकडे वसईत लग्नानंतर दर रविवारी उपाशीपोटी चर्चच्या मिस्सेला जाऊन तू काय खातेस, ते मला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. चौकस स्वभाव, दुसरं काय!

मागच्या बाकावर बसले. शेजारी वीटभट्टीवर काम करणारी एक बाई होती, चिंगी नाव तिचं. पुढे बँकेतले साहेब. सगळे उठून एकाच रांगेत लागले, तशी मीही लागले. प्रसादाला नाही म्हणू नये, हे तुला मीच शिकवलंय. फादर म्हणाले, “ख्रिस्ताचं शरीर.” मी म्हटलं, “हो हो,” आणि तीर्थाला धरतात तसा हात पुढे केला. हातावर पातळ, पांढरी चकती पडली. आता प्रसाद एकटीने कसा खायचा? बाबांसाठी म्हणून रुमालात बांधला.

चिंगी दारापर्यंत धावत आली. “बाय, तो घरी न्यायाचा नाय. हितंच खायाचा हाय.” मी घाबरलेच. फादरना रुमाल उघडून दिला. रागावले नाहीत, चकती त्यांनी स्वतः खाल्ली. मग मी सोडते होय! ही चकती भाकरीची आहे तर शरीर कसं, आणि सगळ्यांसाठी आहे तर मला का नाही? ते म्हणाले, आमच्या श्रद्धेनुसार ती भाकर उरतच नाही. देव स्वतःला मोडून वाटतो आणि खाणारे सगळे मिळून एक देह होतात. ती बाप्तिस्मा घेतलेल्यांनीच घ्यायची. त्यांचंही कुणाशी वाकडं असेल तर आधी जाऊन समेट करायचा, मग रांगेत यायचं. म्हणजे मी दोन्हीकडून नापास!

भाकरीचं शरीर कसं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं असेल तर सांग, खरंच विचारतेय. पण चिंगीच्या आणि साहेबांच्या हातावर एकाच ताटातलं पडताना पाहिलं आणि आपल्या वास्तुशांतीची पंगत आठवली. सगळ्यांना केळीची पानं, आणि जावयाला, सिरिलला, बाहेर गॅलरीत स्टीलचं ताट. ते मीच मांडलं होतं. त्याने वरणाचं कौतुक करत जेवण संपवलं. तू भरल्या पानावरून उठलीस. चूक माझी होती, बाळा. फार लाज वाटते.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मिस्सा आटोपून दोघं जेवायला या. आधी सिरिलची माफी मागेन, मगच वाढायला घेईन. त्याचं पान माझ्या शेजारी. आणि तू उपाशीच ये; या घरातून तशी एकदा गेली आहेस, पुन्हा जाऊ देणार नाही.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली
आई