दिवा लावून वाचा

प्रिय दादास,

तुला जाऊन सहा महिने झाले. आपलं वाचनालय चालू आहे. परग्रहावरच्या आणि जादूच्या कादंबऱ्या मी कुणालाही सुचवू शकते, पण भयकथांचं कपाट तुझं होतं. आता त्यांवरच्या चिठ्ठ्याही मीच चिकटवते: 'सौम्य', 'मध्यम', 'दिवा लावून वाचा'.

तुझी पद्धत सोपी होती. नवी कादंबरी आली की आधी मला वाचायला द्यायचास आणि मी किती घाबरले ते बघून चिठ्ठी लावायचास. "घरात एवढी भित्री भागूबाई असताना दुसरं मोजमाप कशाला?" असं वाचकांनाही सांगायचास.

काल निवृत्त मुख्याध्यापकांनी एक पुस्तक टेबलावर आपटलं. "बाई, याला तुम्ही सौम्य म्हणता? चार दिवस मी दार उघडं ठेवून आंघोळ करतोय! बायको हसतेय."

मी माफी मागितली आणि कपाट तपासलं. तुझ्यानंतर आलेल्या प्रत्येक पुस्तकावर मी 'सौम्य'च लिहिलंय.

ते पुस्तक दुपारी पुन्हा वाचलं. बुडून मेलेला भाऊ रोज घराचं दार वाजवतो आणि बहीण आतून कडी धरून बसते. सगळे म्हणे तिथेच घाबरतात. ती दार का उघडत नाही, हेच मला कळेना.

चिठ्ठी बदलली. मग घरी आले आणि आपल्या दाराची कडी काढून ठेवली.

तुझी,
भित्री भागूबाई