चेअरमनच्या काळजाची राखण

२ मे २०१९, तलवाडा
तुळजाबाई, ही वही तुझीच हाय, विसरू नको. डोक्यावर हंडा घेऊन घरभर हंडा हुडकणारी बाई तू, म्हणून सगळं टिपून ठेवायचं. मी सांगते, नात केसर लिहिते. दुसऱ्या कुणी वाचायची न्हाई. मलाच वाचता येत न्हाई, म्हणजे वही एकदम सेफ.

आज गावातल्या आश्रुबाचा तेरावा. दूध सोसायटीच्या रांगेत उभ्या उभ्या गेला. पन्नाशीबी झाली नव्हती. किटली हातात तशीच, थेंब सांडला न्हाई. गाव म्हणतो, नशीबवान. मीबी म्हणलं. त्याची बायको तीच किटली घासत बसली.

४ मे
आमचे मालक सोसायटीचे चेअरमन, वय अडुसष्ट. आश्रुबासारखं ह्यांचं झालं तर? ठरवलं, उद्यापासून ह्यांचं मीठ बंद.

५ मे
अळणी वरण वाढलं. चेअरमननी विचारलं, माझा गुन्हा काय. म्हणलं, तुमच्या जिवासाठी हाय. ह्यांच्या वाटचा ठेचा वाया कशाला घालायचा, म्हणून मी खाल्ला.

८ मे, सकाळी
टँकर आला. दोन खेपा केल्या. छातीवर जातं ठेवल्यावानी झालं, डावा हात जबड्यापर्यंत दुखला. हंडा डाव्या कडेवर असतो, दुखणारच. बाकी गॅस. ओवा खाल्ला. उद्यापासून मिश्री बंद.

८ मे, दुपारी
मिश्री लावली. बंद उद्यापासून हाय, आज न्हाई.

११ मे
एका खेपेतच उंबऱ्यावर बसले. गॅस. घाम उन्हाचा. केसर म्हणती, आज्जे, दाखव कुणाला तरी. म्हणलं, तू गप लिही.
चेअरमन फाट्यापर्यंत चालत गेलते, दम लागला न्हाई. ह्यांचं असं आतल्या आत दुखणं लई वाईट.

१४ मे
आश्रुबा गेला म्हणून सोसायटीनं ईसीजीचं मशीन घेतलं. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई येऊन बोलल्या. म्हणाल्या, आश्रुबा गेला त्यात नशीब कसलं? छाती दाबते, हात दुखतो, घाम सुटतो, आन् माणूस गॅस म्हणून बसून राहतो. वेळेत आला तर वाचतो.
मी चेअरमनकडं बघितलं. ऐकताय ना?

१६ मे
मशीनचं उद्घाटन. हार, नारळ, हळदकुंकू. सोसायटीत नव्या मशीनचा मान पहिल्यांदा चेअरमनचा. दुधाची फॅट मोजायचं आणलं तवाबी आमच्याच म्हशीचं दूध पहिलं. पण ह्यांना सभासदांपुढं सदरा काढायला लाज. मग ह्यांना धीर यावा म्हणून मीच पडद्याआड निजले.
कागदाची पट्टी बाहेर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
डॉक्टरीणबाईंनी न्हाई वाजवल्या. म्हणाल्या, "आजी, उठू नका."

१९ मे, बीड, दवाखाना
काळजाची नळी बंद होत आलती. तार घालून उघडली. डॉक्टर म्हणाले, आजी, आणखी चार दिवस हंडे वाहिले असते तर तुम्ही उभ्या उभ्या गेला असता. मला आश्रुबाची बायको दिसली. म्हणलं, असलं नशीब मला नको.
चेअरमनचीबी पट्टी काढली. घोड्यावानी हायेत.
तरी आज स्टुलावर बसून माझ्यासंगं दवाखान्याचं अळणी वरण जेवले. मीठ मागितलं न्हाई.

केसर, घरी गेलीस की आईला सांग. उद्या डब्यात दोघांपुरतं अळणी वरण आन् तीन भाकरी धाड. ठेचा धाडू नको. धाडलाच तर भाकरीच्या घडीत ठेव, अन् चेअरमनसाठी हाय म्हणून सांग.